सत्तर हजारांचे साडेतीन सेंटिमीटर

नवे टायर लावून गाडी दारात उभी केली, त्या संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. चष्मा पुसून त्यांनी गाडी एकदा पुढून पाहिली, एकदा मागून पाहिली आणि विचारलं, "गाडी शे का ट्रॅक्टर शे?"

मी हसलो. मला ते कौतुक वाटलं. ते कौतुक नव्हतं हे कळायला पुढचा पावसाळा यावा लागला.

गाडी म्हणजे महिंद्राची थार. २०२० ला नवी आली ती नाही, त्याआधीची डिझेलवाली, सीआरडीई. २०१६ चं मॉडेल, जुनीच घेतलेली. आमचं गाव चोपडा तालुक्यात. खाली तापी, वर सातपुडा आणि मधून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता. शेत तापीच्या अंगाला, केळी आणि कापूस, जमीन काळी भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन चप्पल काढून घेते. वर सातपुड्याच्या पायथ्याला मात्र सगळं उलट: मुरूम, गोटे, कोरडे नाले. तिथल्या एका पाड्यावर माझा शाळेतला मित्र मास्तर आहे. महिन्यातून एक रविवार त्याच्याकडे जाणं होतंच. म्हणजे एकाच गाडीनं दोन अगदी वेगळ्या जमिनी तुडवायच्या. हे मी टायर घेण्याआधी लक्षात घ्यायला हवं होतं. मी लक्षात घेतले ते फोटो.

गाडीला कंपनीचे २३५/७० आर १६ होते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीचा, म्हणजे रुंदीच्या सत्तर टक्के उंची. शेवटचा रिमचा, इंचांत. केळीच्या पट्टीच्या, म्हणजे माल विकल्याच्या पावतीच्या, मागे गणित मांडलं: २३५ चे सत्तर टक्के १६४.५, वर-खाली मिळून ३२९, त्यात सोळा इंचांचे ४०६, एकूण ७३५ मिलिमीटर. मला आवडलेला टायर होता २६५/७५ आर १६. त्याचं उत्तर आलं ८०४. जवळजवळ सात सेंटिमीटर उंच! मी लगेच फोन केला.

ते सात सेंटिमीटर पूर्ण टायरचे आहेत आणि गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्मीच, कारण उरलेले निम्मे एक्सलच्या वर जातात, हे दुकानाच्या पायरीवर चहा पिताना ध्यानात आलं. म्हणजे साडेतीन सेंटिमीटर, तेही पुरते नाहीत. तोवर पैसे भरून झाले होते. चार टायरांचे छप्पन्न हजार. पाचव्याचे चौदा नंतर गेले, ती गोष्ट पुढे येईल.

दुकान जिल्ह्याच्या गावचं. पोरगं हुशार होतं, हात चालता होता. जुना टायर मशीनवर चढवला, कडेला साबणाचं पाणी फिरवलं, लोखंडी जीभ आत घालून दोन गिरक्यांत टायर रिमपासून वेगळा. नवा मात्र हट्टी होता. भिंत जाड, कड ताठ. दोघं त्यावर अक्षरशः चढले. मग हवा भरताना तो धाड्‌ धाड्‌ असा दोनदा आवाज येतो ना, टायर रिमवर बसल्याचा, तो ऐकून मी दोन पावलं मागे. पोरगं हसलं. टायरवर ३१२२ छापलेलं होतं, म्हणजे २०२२ च्या ३१ व्या आठवड्यातला माल. ते तेवढं मी बघून घेतलं होतं. टायर घेताना हे चार आकडे बघाच. काळा रंग आणि चकाकी बघून फसू नका, पॉलिश पाच वर्षांच्या टायरवरही चढतं.

घरी आल्यावर मी एक उद्योग केला. घड मोजायच्या काट्यावर आधी जुनं चाक ठेवलं, मग नवं. रिमसकट जुनं सत्तावीस किलो, नवं चौतीस. चाकामागे सात किलो. सात किलो म्हणजे काय असं कोणालाही वाटेल, डिक्कीत टाकलेल्या पोत्याचं गाडीला काहीच वाटत नाही. पण हे सात किलो फिरतात. प्रत्येक वेळी पळवायचेही इंजिननं आणि थांबवायचेही ब्रेकनं, आणि तेही मध्यापासून लांब, कडेला. पहिल्याच दिवशी बसस्टँडजवळच्या गतिरोधकाला ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबली, पण माझ्या अंदाजाच्या हातभर पुढे.

त्याआधी दुकानातच आणखी एक गोष्ट झाली होती. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की घर्र असा आवाज. टायर बंपरच्या कोपऱ्याला आणि आतून मडगार्डच्या मागच्या कडेला घासत होता. "सगळ्यांचं घासतं," पोरगं म्हणालं आणि ग्राइंडर घेऊन आलं. बंपरचा कोपरा कापला, आतलं प्लास्टिक कापलं. माझ्या डोळ्यांदेखत माझी गाडी सोलली जात होती आणि मी मोबाइलवर शूटिंग करत होतो. तरी घासतच राहिलं, तेव्हा त्यानं पुढच्या टॉर्शन बारचे, म्हणजे पुढे स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्यांचे, बोल्ट आवळले. गाडीचं तोंड वर आलं, आवाज बंद.

या बोल्टाबद्दल कोणी सांगत नाही ते सांगतो. त्यानं गाडी उंच दिसते, पण सस्पेन्शन काही लांब होत नाही. चाकाला वर जायला जी जागा होती ती वाढते आणि खाली लोंबायला जी होती ती तेवढीच कमी होते. म्हणून खड्ड्यात चाक खाली पडायच्या आधीच ठक्‌ करून अडतं. ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, कोन तिरका होतो, त्याचं रबरी बूट लवकर फाटतं. माझं नऊ महिन्यांत फाटलं. अलाइनमेंट तर दुसऱ्या दिवशीच पुन्हा करावं लागलं.

पण खोटं कशाला बोलू, तो हिवाळा मजेत गेला. पाड्याकडे जाताना एक नाला लागतो, डोक्याएवढे गोल गोटे. जुन्या टायरांवर तिथे दर वेळी खालून दगड लागायचा. आता गाडी त्यावरून म्हशीसारखी डुलत, निवांत जायची. भिंत उंच असल्यानं गोटा टायरच गिळायचा, कमरेला धक्का बसायचा नाही. जानेवारीत शहाद्यावरून तोरणमाळला गेलो, पोरीला यशवंत तलाव आणि सीताखाई दाखवायला. जाताना लोक वळून बघत होते. शहाद्यात एकानं चहाचे पैसे घेतले नाहीत, टायर कुठून घेतले तेवढं सांगा म्हणाला.

घाटात मात्र गंमत कळली. जिथे गाडी आधी तिसऱ्यावर चढायची तिथे दुसरा मागत होती. टायर नऊ टक्के मोठा, म्हणजे गिअर तेवढे लांबले. सायकलच्या मोठ्या चकतीवर चढ चढल्यासारखं. मीटरही चुकतो. काट्यावर ऐंशी असताना गाडी खरी सत्याऐंशीनं पळत असते. तोरणमाळहून आल्यावर टाकी भरून हिशेब केला तर ॲव्हरेज साडेबारावरून दहा. मी डिझेलवाल्यावरच शंका घेतली. मग डोक्यात प्रकाश पडला की किलोमीटरही मीटर कमीच मोजतोय. शंभर दाखवतो तेव्हा एकशे नऊ झालेले असतात. म्हणजे खरं ॲव्हरेज अकराच्या आसपास. तोटा होताच, पण डिझेलवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

मार्चमध्ये त्याच नाल्यात मागच्या टायरची भिंत एका धारदार दगडानं फाटली. भिंत फाटली की पंक्चर निघत नाही, टायर गेला. स्टेपनी होती जुनीच, २३५ ची, कारण पाचवा टायर घ्यायचा मी कंजूषपणा केला होता. आता मागे एका बाजूला आठशे मिलिमीटरचं चाक आणि दुसऱ्या बाजूला सातशे पस्तीसचं, अशी गाडी पळवली तर दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरणार आणि दोन चाकांमधला वेगाचा फरक सांभाळणाऱ्या डिफरन्शिअलला क्षणाचीही विश्रांती नाही. म्हणून आधी पुढचं एक मोठं चाक काढून मागे लावलं आणि छोटं पुढे, कारण साध्या टू-व्हीलमध्ये पुढच्या चाकांना इंजिन ढकलत नाही. दोनदा जॅक, मार्चचं ऊन, आणि मास्तर छत्री धरून उभा. फोर-व्हीलचा दांडा हात न लावता चाळीसच्या वेगानं घरी आलो. एक बाजू लंगडी. फाटलेल्याच्या जागी पुढच्या आठवड्यात एक जुना घेतला आणि पावसाळ्याच्या तोंडावर शहाणपण सुचून एक कोरा करकरीत पाचवाही घेतला. चौदा हजार. मागे टांगायच्या खुंट्यावर तो नीट बसेना, म्हणून गोठ्यात ठेवला.

आता जुलै.

मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीची, लागवड चालू होती. ठिबकच्या नळ्यांची बंडलं शेतात पोचवायची होती. दोन दिवस पाऊस लागून राहिलेला, तिसऱ्या दिवशी सकाळी उघडला. ऊन पडलं. मजूर आले होते, रोपं आली होती. आबा म्हणाले, "वाफसा येऊ दे, कसाले घाई करस?" वाफसा म्हणजे जमीन पाय टाकण्याइतकी सुकणं. मी म्हणालो, आबा, हे टायर कशासाठी घेतलेत?

आमची पाणंद, म्हणजे शेताकडे जायची वाट, साधारण अर्धा किलोमीटर. पहिले शंभर पावलं उत्तम. फोर-व्हील टाकलेलं, गाडी सुसाट. मग टायरांचा आवाज बदलला. आधी नक्षीचा गुरगुर आवाज येत होता, तो बंद झाला. खिडकीतून वाकून बघितलं तर टायर दिसेनाच. नक्षीच्या खाचा काळ्या मातीनं गच्च भरलेल्या, वर आणखी एक थर, गुळगुळीत, चकचकीत. चार काळे भोपळे फिरत होते. गॅस दिला की भोपळे जागच्या जागी गरगरायचे आणि गाडी आडवी सरकायची.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण काळ्या मातीचा स्वभाव असा की ती टायरला चिकटते, टायरबरोबर वर जाते आणि मडगार्डच्या आत थापली जाते. एकेक फेऱ्याला एकेक थर, जसं सारवण करावं तसं. जुन्या टायरला वर चार-पाच बोटं जागा होती, माती थोडी साचायची आणि आपोआप गळून पडायची. या टायरांनी ती जागाच खाल्ली होती. त्यात धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत, केळीची वाळकी पानं, ठिबकच्या नळीचा एक तुकडा, सगळं मातीत कालवलं गेलं आणि मडगार्डमध्ये अक्षरशः वीट तयार झाली. आधी स्टिअरिंग जड झालं. मग वळेना. मग क्लचचा जळका वास आला, आणि पुढचं डावं चाक फिरायचंच थांबलं. बाकीची तीन फिरायला तयार, एक जाम. गाडी धुऱ्याकडे तोंड करून तिरकी बसली.

खाली उतरलो आणि पोटरीपर्यंत गेलो. जॅकच्या टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांडीनं, माती उकरायला लागलो. निघेना. टॉमी आत रुतायची आणि माती तिला धरून ठेवायची. खुरपं आणलं. खुरप्याला माती चिकटली, ती दुसऱ्या खुरप्यानं काढायची. पाऊण तास खरवडून एका चाकाची दोन घमेली माती काढली, आणि गाडी दहा फूट पुढे गेल्यावर ती पुन्हा जशीच्या तशी भरली. मजूर बांधावर बसून बघत होते. त्यांची मजुरी चालू होती.

शेवटी शेजारच्या नानांचा ट्रॅक्टर आला. नानांनी साखळी लावायच्या आधी माझ्या टायरांकडे निवांत पाहून घेतलं. "एवढा मोठला टायर कसाले लायात मंग, भो?" मी काही बोललो नाही. तेवढ्या वेळात माझं लक्ष ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांकडे होतं. काठीसारखी बारीक चाकं. चिखलाच्या वरून तरंगायच्या भानगडीत न पडता ती खाली कडक जमिनीपर्यंत उतरून, कापत चालली होती. आणि त्यांच्यावर मडगार्ड नावाची गोष्टच नव्हती.

रात्री जेवताना आबा बोलायला लागले. बोलणं मला टोमणा म्हणून नव्हतं, आठवण निघाली म्हणून होतं. आमच्याकडे नव्वदच्या दशकात महिंद्राची एमएम ५४० जीप होती. तिचे टायर ६.००-१६. म्हणजे रुंदी सहा इंच. गंमत म्हणजे आपल्याकडच्या कित्येक ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकाचा साइजही हाच. आबा म्हणाले की जीप घेतली तेव्हा ते एवढंच बघून खूष झाले होते, की टायर खेड्यात कुठेही मिळेल. उंचीला तो थारच्या मूळ टायरच्या आसपासच, रुंदीला माझ्या नव्या टायरच्या निम्म्याहून थोडा जास्त. याच पाणंदीतून जुलैत ती जायची. त्याही आधी बैलगाडी जायची, छातीएवढं उंच चाक आणि लोखंडी धाव चार बोटांची. धाव बसवताना लोहार ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचा, लाकडी चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. लोखंड आकसलं की चाक कर्रर करून आवळलं जायचं. लहानपणी हे बघायला सगळी पोरं गोळा व्हायची म्हणे. "चाक उच्चं पाहिजे, पन रुंद कसाले?" हे आबांचं वाक्य. मग भाकरीचा तुकडा शेवभाजीत बुडवून ते दुसऱ्या विषयावर गेले.

मी रात्रभर तेच घोळवत राहिलो. आमच्या पाणंदीत वरचा वीतभर थर लोण्यासारखा असतो, पण खाली पिढ्यान्‌पिढ्यांच्या गाड्यांनी दाबलेली जमीन टणक आहे. अरुंद चाक तो थर कापून तळाला टेकतं आणि तिथे पकड घेतं. रुंद चाक वरच्या लोण्यावरच घसरत राहतं. जिथे तळच नाही अशा दलदलीत किंवा वाळूत हिशेब उलटा, तिथे रुंद हवं. पण माझं शेत वाळूत नाही.

वाळूचं निघालंच तर सांगतो. दिवाळीनंतर अनेर नदीच्या पात्रात गेलो होतो. तोवर मोठे टायर काढून टाकले होते, तरी गाडी वाळूत कुठेही अडली नाही. केलं काय, तर चारही टायरांची हवा बत्तीसवरून अठरावर आणली. टायर खाली लांबट पसरतो, वाळूला ओझं वाटून दिलं जातं. त्याहून खाली जाऊ नये, वळताना टायर रिमवरून सुटतो. आणि डांबरी रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरायचीच, नाहीतर भिंत तापून फुटते. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मी साडेतीन हजारांना घेतला. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात कामाची वस्तू तीच निघाली.

टायर बदलले ते गणपतीत. आता २४५/७५ आर १६ आहेत. उंची ७७४, म्हणजे मूळच्यापेक्षा फक्त पाच टक्के जास्त, आणि जमिनीपासून दोन सेंटिमीटरला थोडी कमी वाढ. काहीही कापायला लागलं नाही. कापायचं आधीच कापून झालं होतं, ते सोडा. टॉर्शन बार मूळ जागी आणले, घासत नाही, तिसऱ्यावर घाट चढतो. भार-आकडा १११, म्हणजे एका टायरवर १०९० किलो चालतात, केळीची खतं भरली तरी चिंता नाही. २०२० नंतरच्या थारच्या एका मॉडेलला कंपनीच हा साइज देते. पण म्हणून जुन्या थारला तो आपोआप कायदेशीर होतो असं नाही, हे मला नंतर एका वकील मित्रानं समजावलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि कंपनीनं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी फारकत चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. "कोण टेप घेऊन मोजतं?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. अपघात झाला की विम्याचा सर्वेअर टेप घेऊनच येतो. मी आपलं विमावाल्यांना लेखी कळवून पोच घेऊन ठेवली.

या जुलैतही पाऊस लागून राहिला होता. गाडी दारात उभी होती. मजुरांना बांधावर बसवून ठेवण्यापेक्षा एक दिवस उशिरा बोलावलं, नळ्या नानांच्या ट्रॅक्टरवर गेल्या.

मोठे चार टायर धुळ्याच्या एकानं अठ्ठावीस हजारांना नेले. त्याचं शेत कुठे, माती कसली, हे मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. तो फोटो काढत होता. पाचवा, कोरा, एकट्याला कोणी घेत नाही. तो गोठ्यात भिंतीला टेकून उभा आहे. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते याच्यावर सगळे शाबूत होते. वासराला आता त्याचा नाद लागलाय, येता-जाता मान घासतं. एका बाजूचे केस बरेचसे झडलेत.